पश्चिम मांबलमचं आदर्श जोडपं

शुक्रवारी दुपारी संसदेत खासगी विधेयकं असतात. ज्या खासदारांना सरकार काही करायला देत नाही, त्यांना त्या दिवशी देशासाठी स्वतःचं काहीतरी करता येतं. सभागृह जवळजवळ रिकामं असतं. बोलणाऱ्याच्या मागे पक्षाचे दोन-तीन सदस्य आणून बसवलेले असतात, म्हणजे कॅमेऱ्यात माणसं दिसावीत. त्यातला एक बहुधा झोपलेला असतो. हे मला माहीत आहे, कारण माझ्या बायकोचा चुलतभाऊ खासदार आहे आणि त्याचं भाषण असलं की आमच्या चेन्नईतल्या मोगप्पेरच्या फ्लॅटमध्ये कुकरची शिट्टीसुद्धा होऊ दिली जात नाही. मी त्या दिवशी अंबत्तूरच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढतो. कारण विचारलं तर राष्ट्रीय आहे असं सांगतो.

दादा उभा राहिला. खासदाराला मी दादाच म्हणतो, कारण प्रमोदिनी म्हणते. पहिल्या पाच मिनिटांत त्यानं लग्नाशिवाय एकत्र राहणारी मुलं, घटस्फोट, वृद्धाश्रम, पिझ्झा आणि मातृभाषा हे विषय निकालात काढले. मग तो विधेयकावर आला. विवाहाच्या कायद्यात जवळच्या नात्यात लग्न करायला बंदी आहे, पण तिथेच एक सवड ठेवली आहे: दोन्हीकडच्या रूढीला मान्य असेल तर चालेल. दादाला ती सवड काढून टाकायची होती.

"काही प्रांतांत मामा आपल्या सख्ख्या भाचीशी लग्न करतो, अध्यक्ष महोदय. ही आपली संस्कृती नाही. ही बाहेरून आलेली विकृती आहे."

बाहेरून म्हणजे कुठून, ते त्यानं सांगितलं नाही. दक्षिणेतला एक सदस्य काही बोलायला उठला. अध्यक्षांनी त्याला बसायला सांगितलं आणि तोही फारसा आग्रह न करता बसला. शुक्रवार होता, त्यालाही विमान गाठायचं असणार.

"आणि संस्कृती कशी जपतात हे बघायचं असेल," दादा म्हणाला, "तर चेन्नईला जा. तिथे पश्चिम मांबलम भागात कृष्णस्वामी आणि गोदा हे वृद्ध दांपत्य राहतं. तंजावरचे मराठी. साडेतीनशे वर्षं परमुलखात, पण घरात आजही मराठी. साठ वर्षांचा संसार, मुलगा-सून-नात एका छताखाली. मी त्यांना आदर्श दांपत्य म्हणतो."

बाक वाजले. प्रमोदिनीनं मला कोपरानं ढोसलं. ही माहिती तिनेच फोनवर पुरवली होती. कृष्णस्वामी आणि गोदा हे हरिणीचे आजी-आजोबा, आणि हरिणीशी आमच्या मंदारचं लग्न ठरलं होतं. पोंगलनंतरचा मुहूर्त, टी. नगरमधला हॉल, सगळं पक्कं होतं.

"सोयरिकीचं नाव संसदेत गेलं," प्रमोदिनी म्हणाली. "आता बोल काय बोलायचंय ते."

तेवढ्यात फोन वाजला. हरिणीचे वडील गुरुमूर्ती होते. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, आवाज न चढवणारा माणूस. मला ते 'संबंदी' म्हणतात. इकडे व्याह्याला तेच म्हणतात.

"ऐकलों, संबंदी. अस्कं, सगळं ऐकलों." मग त्यांनी तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "तुम्ही जरा येऊन जाल कां? एकटे या."

गेलो. गुरुमूर्तींनी मला आत न बसवता थेट गच्चीत वाळत घातलेल्या धोतरांच्या मागे नेलं. तिथे जरा एकांत होता.

"अम्मा म्हणजे आमच्या अप्पांच्या अक्काची मुलगी," ते म्हणाले.

मी मनात नातं मांडून पाहिलं. दोनदा मांडलं, उत्तर तेच आलं.

"म्हणजे कृष्णस्वामी हे गोदाआजींचे..."

"सख्खे मामा."

"आणि तुमची आजी..."

"माझी आजी माझी आत्याही. लहानपणी दोन्हीकडून लाडू मिळायचे." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. "आम्ही लपवलं नाही, संबंदी. तुम्ही गोत्र विचारलात. रक्तगट विचारलात. पोरीचं पॅकेज विचारलात. हे विचारलात नाही. इथं हे कोणी सांगत बसत नाही. आमच्या घराला जिना आहे, असं कोणी सांगत फिरतं कां?"

"नाही सांगत."

"आतां खासदार रविवारी आमच्याकडे जेवायला येणार. फोटो काढणार. तिथं कळलं तर?" त्यांनी एका धोतराची चुणी सरळ केली. "हरिणीचं लग्न मोडेल. पोरीनं स्वतः जमवलेलं. ती काही बोलणार नाही, पण मोडेल ती."

मी म्हटलं, असं काही होणार नाही. हे वाक्य मी कारखान्यात आठवड्यातून एकदा तरी म्हणतो, आणि तिथेही ते कोणी खरं मानत नाही.

घरी येऊन प्रमोदिनीला सांगितलं. ती सोफ्यावर बसली, उठली, पंखा वाढवला, पुन्हा बसली.

"सख्खा मामा?"

"सख्खा."

"शी. आणि दादाच्या भाषणात गेलंय ते." मग तिला काहीतरी सुचलं. "मंदारला माहीत आहे?"

मंदार आतल्या खोलीत लॅपटॉपवर होता. त्यानं मान वर न करता उत्तर दिलं. "पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं तिनं."

"आणि तू आम्हाला सांगितलं नाहीस?"

"त्यात काय सांगायचं, आई? त्यांचं लग्न झालेलं आहे. साठ वर्षांपूर्वी."

मी मध्ये तोंड घातलं. घालायला नको होतं. "दादाचीच बायको कोण आहे?"

"कोण म्हणजे? वहिनी."

"वहिनी दादाच्या सख्ख्या मामाची मुलगी. कायद्यात तेही बंदीतच येतं. मी आत्ताच मोबाइलवर वाचून काढलं. रूढीची सवड आहे म्हणून चालतं. दादा ती सवडच काढायला निघालाय."

"दादाचं वेगळं आहे. मामाची मुलगी आपल्यात चालते."

"चालते, यालाच रूढी म्हणतात."

"तू विरोधी पक्षासारखा बोलू नकोस," प्रमोदिनी म्हणाली, आणि चर्चा तहकूब झाली.

शेवटी ठरलं ते असं. जेवण होणार, कारण दादाचा कार्यक्रम छापून आला होता आणि छापून आलेलं रद्द करणं म्हणजे कबुली देणं. मात्र कोणी काही बोलायचं नाही. कृष्णस्वामींची काळजी नव्हती. त्यांना ऐकू येत नाही, आणि ऐकू न येण्याचा त्यांना आनंद आहे. काळजी गोदाआजींची होती. त्या नवऱ्याला आजही मामा म्हणतात. जन्मापासून म्हणत आल्या, लग्नानंतर बदलायचं कारण पडलं नाही.

शनिवारी गुरुमूर्तींनी माझ्यादेखत आईची समजूत काढली. "अम्मा, उद्या दोन तास अप्पांना हाक मारूं नको."

गोदाआजी गवार निवडत होत्या. "हाक मारली नाही तर ते पाणी तरी पितील कां?"

"मी देतो पाणी."

"सरि," आजी म्हणाल्या. गवार निवडणं थांबलं नाही. मला वाटतं, त्या 'सरि'चा, म्हणजे 'बरं'चा, अर्थ आम्ही आमच्या सोयीनं लावला.

रविवारी दादा दोन गाड्यांनी आला. सोबत शाल, श्रीफळ, 'आदर्श दांपत्य' असं कोरलेली पितळी तबकडी आणि फोटो व व्हिडिओ दोन्ही काढणारा एक माणूस. दादानं कृष्णस्वामींच्या पाया पडून घेतलं, कॅमेऱ्यासाठी पुन्हा एकदा पडला. मग आम्ही सगळे केळीच्या पानांवर बसलो आणि सांबार वाढल्याबरोबर दादानं सांबार मुळात तंजावरच्या मराठ्यांचंच, हा इतिहास सांगितला. या घरातल्यांनी तो आजवर किती पाहुण्यांकडून ऐकलाय देव जाणे. हरिणीची आई रंजनी "असं कां?" म्हणाली. तिचा चेहरा इतका निर्विकार होता की मला ही बाई फार आवडली.

हरिणी ताक घेऊन उभी होती. मंदार मुद्दाम तिच्याकडे बघत नव्हता. गुरुमूर्ती दर थोड्या वेळानं वडिलांपुढचा पेला भरत होते. कृष्णस्वामी आयुष्यात एका जेवणात इतकं पाणी प्यायले नसतील.

पायसम आलं तेव्हा दादानं फोटोवाल्याला खूण केली. "आजी, तुमच्या लग्नाबद्दल दोन शब्द सांगा. आजच्या पिढीला कळू द्या."

प्रमोदिनी म्हणाली, "आजींना बरं नाहीये रे दादा, त्या—"

"बरं आहे मला," गोदाआजी म्हणाल्या. हात पदराला पुसून त्या पाटावर बसल्या. "लग्न कां? माझ्या आईनं मज तिच्या भावाला दिली."

दादाचं हसू होतं तसंच राहिलं. पुढचा आदेश न आलेल्या शिपायासारखं.

"हे माझे मामा. आजही मी मामाच म्हणतें. आज म्हणूं नको म्हणून या सगळ्यांनी मज सांगितलं." त्यांनी आमच्याकडे बोट फिरवलं. त्यात मीही होतो. "तुम्ही ते बंद करणार म्हणून टीव्हीत बोललात. करा. बरंच होईल."

कोणी पायसमला हात लावेना. फक्त कृष्णस्वामी खात होते.

"मज कॉलेजला जायचं होतं," आजी म्हणाल्या. "शाळेतून घरी आलें, तर सोप्यावर पाहुणे. कोण म्हणून पाहिलं, तर मामाच. नवा वेष्टी नेसून बसलेले. मज वाटलं, कोणाचं लग्न आहे म्हणून आले. आमचंच होतं. मज कोणी विचारलं नाही. त्यांनाही विचारलं नाही, पाहा. ते तर मागल्या दारी जाऊन रडले."

"आजी, तो काळच वेगळा होता," दादा म्हणाला.

"होता की. मामा चांगले. साठ वर्षांत एक शब्द वावगा नाही. पण विचारलं नाही हेही खरं. आणि तुम्हीही विचारलं नाही. दिल्लीत माझं नाव घेतलंत. आधी एक फोन करायचा होता. मी सांगितलं असतं, आदर्श म्हणूं नका, नुसतं म्हातारे म्हणा."

फोटोवाल्यानं हळूच विचारलं, "साहेब, चालू ठेवू?"

दादानं त्याच्याकडे पाहिलं, पण गोदाआजींचं अजून झालं नव्हतं. घरी आलेल्या कुठल्याही पाहुण्याला विचारावं तशा सुरात त्यांनी विचारलं, "तुमची बायको कोणांतली?"

"आमच्या मामांचीच मुलगी," दादा सवयीनं म्हणून गेला.

"तिला विचारलं होतं?"

मी पानाकडे पाहिलं. प्रमोदिनी माझ्याकडे पाहत होती, आणि माझी चूक नसताना ती अशी पाहते तेव्हा काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

"बंद कर," दादा फोटोवाल्याला म्हणाला.

गोदाआजी उठल्या. उठताना हरिणीच्या हातातलं ताकाचं भांडं घेतलं. "आणि तुज विचारलं कां गं?"

"विचारलं, पाट्टी," हरिणी म्हणाली. "खरं तर मीच विचारलं. तो दोन दिवस विचार करत बसला होता."

"बरं," आजी म्हणाल्या, आणि दहीभात वाढायला गेल्या.

दादा दहीभातासाठी थांबला नाही. तबकडी मात्र राहिली. आम्ही घरी पोचायच्या आत, विमानतळाच्या वाटेवरून त्याचा फोन आला. प्रमोदिनीनं स्पीकर लावला.

"हे स्थळ सोड, पमे."

"अरे पण, हॉल..."

"हॉल-बिल मी बघतो. उद्या विरोधकांना कळलं तर? मी सभागृहात ज्यांना आदर्श म्हटलं ते मामा-भाची निघाले, आणि ते माझ्या भाच्याचे आजेसासरे? नोंदीत गेलंय ते सगळं. आता काढताही येत नाही."

प्रमोदिनी दादाला आजवर 'हो' याशिवाय काही म्हणालेली मला आठवत नाही. दादानं तिला कुठलं कॉलेज ते सांगितलं, कुठला नवरा ते सांगितलं (त्यात त्याची निवड चुकली, असं ती कधीकधी म्हणते), कोणाला मत द्यायचं तेही सांगितलं. मी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर मंदार एकदम सरळ बसला होता. हरिणी मोडेल असं गुरुमूर्ती म्हणाले होते. आमच्या घरातलं कोण मोडेल, ते मला आरशात दिसत होतं.

"दादा," प्रमोदिनी म्हणाली, "वहिनी घरी आहे का?"

"आहे. का?"

"काही नाही. तिला फोन करते."

"मी तुला काय सांगतोय, आणि तू—"

"हो, ऐकलं. तिला फोन करते आधी."

घरी आल्यावर ती बाल्कनीत गेली आणि दार ओढून घेतलं. मी कॉफी केली. ती निवली, गरम केली, पुन्हा निवली. खालच्या देवळातला लाउडस्पीकर सुरू होऊन बंदही झाला. मंदारनं फ्रिज उघडून बघितला, काही न घेता लावला, आणि पुन्हा उघडला.

बऱ्याच वेळानं ती आत आली.

"काय म्हणाली?"

"आधी हसली. मग म्हणाली, हे विचारायला तुला इतकी वर्षं लागली?" प्रमोदिनी निवलेली कॉफी तशीच प्यायली. "लग्नाआधी तिला रेडिओवर निवेदिकेचं काम मिळालं होतं. सांगलीला. तुला माहीत होतं?"

"मला कसं माहीत असणार?"

"मलाही नव्हतं. आणि मी तिच्या लग्नात करवली होते रे. मंडपात ती रडत होती, तर मीच तिचं काजळ पुसलं. म्हटलं, सगळ्याच रडतात." तिनं कप ठेवला. "दादाशी ती बोलणार आहे म्हणाली. आज रात्री. काय बोलणार ते नाही सांगितलं."

मंदार दारात उभा होता.

"हॉलवाला जेवणाच्या पानांचा आकडा विचारत होता," प्रमोदिनी त्याला म्हणाली. "अजून दिला नाहीस ना? दे. आणि हरिणीला फोन कर, ती बिचारी तिकडे वाट बघत असेल."

दादाच्या घरी त्या रात्री काय झालं ते मला माहीत नाही आणि मी विचारलंही नाही. विधेयक पुन्हा चर्चेला आलं तो शुक्रवार मी कारखान्यातच काढला, मोबाइलवर पाहिलं. मंत्री म्हणाले, माननीय सदस्यांच्या भावनांचा सरकार आदर करतं आणि या विषयाचा सर्व बाजूंनी विचार करील. दादा उठला आणि हे आश्वासन ऐतिहासिक असल्यामुळे विधेयक मागे घेण्याची परवानगी द्यावी असं म्हणाला. परवानगी मिळाली. खासगी विधेयकं बहुतेक अशीच संपतात, त्यामुळे कोणाला काही वेगळं झाल्यासारखं वाटलं नाही. मागच्या बाकावरचा सदस्य झोपूनच होता. नोंदीत कृष्णस्वामी आणि गोदा अजूनही आदर्श आहेत. ते काढून टाकण्याची सूचना कोणी मांडली नाही.

लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं. दादाला अधिवेशन होतं, नसतं तरी असतं. वहिनी मात्र एकटीच विमानानं आली. आल्या आल्या तिनं गोदाआजी कुठे आहेत ते विचारलं, त्यांच्या शेजारची खुर्ची धरली, आणि दोघी असं काही बोलत बसल्या की अक्षता टाकायला त्यांना दोनदा उठवावं लागलं. वहिनीचं मराठी कऱ्हाडचं, आजींचं तंजावरचं. मध्ये काय काय सांडत होतं कोण जाणे, पण थांबत नव्हतं.

मग फोटोवाला आला. त्याला दोन्ही घरांतली वडीलधारी माणसं एका रांगेत हवी होती. कृष्णस्वामी पार पलीकडे पंख्याखाली बसले होते आणि अर्थातच त्यांना काही ऐकू जात नव्हतं.

"मामा," गोदाआजींनी हाक मारली. नादस्वरम् नेमकं थांबलं होतं, त्यामुळे ती हाक हॉलभर गेली. "मामा, या इकडे. फोटो काढायचा आहे."

आमच्याकडच्या चार-सहा माना वळल्या. साताऱ्याहून आलेली प्रमोदिनीची मावशी माझ्याकडे झुकली. "मामा कोणाचे हे?"

मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात पलीकडून प्रमोदिनी म्हणाली, "आजींचे. नवरापण तेच आहेत."

आजींची खूण पाहून कृष्णस्वामी काठी टेकत येईपर्यंत मावशीनं त्यांना नीट न्याहाळलं. "तब्येत चांगली ठेवलीय," ती म्हणाली. "बरं, आपल्याकडची पानं वरच्या मजल्यावर मांडलीत की खालच्या? लिफ्ट आहे ना?"